पेलेट बॉयलरची काजळी पुसण्याआधी नीट बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बव्हेरियातल्या आल्गॉय भागात एका मराठी कुटुंबानं गेल्या उन्हाळ्यात जुनं घर घेतलं. तळघरात २०१६ साली बसवलेला १५ किलोवॅटचा पेलेट बॉयलर आहे, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या (पेलेट) जाळून घर तापवणारं यंत्र. २०२१ मध्ये आधीच्या मालकानं बाहेरच्या भिंतींना इन्सुलेशन केलं आणि खिडक्या बदलल्या. थंडी सुरू झाल्यापासून बॉयलरच्या आत मऊ काळी काजळी धरते, धुराच्या पाइपाशी ती चिकट होते, पेटताना तळघरात धुराचा वास येतो, अंगणातल्या बर्फावर काळे ठिपके पडतात. धुराचं तापमान जुन्या नोंदींत १४० अंशांच्या आसपास असायचं, आता २१० दिसतं. शोर्नश्टाइनफेगरनं, म्हणजे धुराडी तपासणाऱ्या अधिकृत कारागिरानं, कार्बन मोनॉक्साइड घनमीटरला १.१ ग्रॅम मोजला. मर्यादा ०.४ ग्रॅमची आहे, त्यामुळे सहा आठवड्यांनी तो पुन्हा मोजायला येणार आहे. कुणाच्या तरी सांगण्यावरून बॉयलरमधल्या धूर ओढणाऱ्या पंख्याचा वेग कमी केला, तर काजळी आणखी वाढली. बाईंचा शेवटचा प्रश्न: नवा बॉयलर घ्यावा लागेल का?

ताई, नव्या बॉयलरचा विचार तूर्त बाजूला ठेवा. मी १९ वर्षं ऑस्ट्रियातल्या फोरार्लबेर्गमध्ये आणि सीमेपलीकडे तुमच्या आल्गॉयमध्ये हीच कामं करतो आहे. तुम्ही लिहिलेली लक्षणं मी बऱ्याच घरांत बघितली आहेत, आणि बहुतेक ठिकाणी यंत्र धडधाकट होतं, त्याला श्वास मिळत नव्हता.

पण दुरुस्तीच्या आधी एक काम आजच करा. पेटताना तळघरात धुराचा वास येतो, याचा अर्थ धुरातला वायू घरात शिरतोय. वास धुराचा येतो. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं, मळमळणं, ताप नसताना तापासारखी कणकण, ही त्याची लक्षणं. घरात लहान मूल असेल तर मी एक रात्रही वाट बघणार नाही. कार्बन मोनॉक्साइडचे दोन अलार्म आणा, एक तळघराच्या जिन्याशी आणि एक झोपायच्या मजल्यावर. अलार्म वाजला तर कारण शोधत बसायचं नाही, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि बाहेरून ११२ ला फोन करायचा. आणि कमी केलेला पंख्याचा वेग आज रात्रीच मूळ आकड्यावर आणून ठेवा.

तो वेग कमी करण्यामागचा विचार मला कळतो. धूर जास्त गरम आहे, म्हणजे पंखा उष्णता बाहेर फेकतोय, मग पंखा हळू करा. पण लाकडाच्या बाबतीत हा हिशेब उलटा पडतो. लाकडाच्या कोरड्या वजनाचा जवळपास ८० टक्के भाग तापल्यावर वायू होऊन निघतो आणि ज्योत म्हणून दिसतं ते त्या वायूचं जळणं. त्या वायूला पुरेशी हवा, पुरेशी उष्णता आणि मिसळायला पुरेसा वेळ मिळाला नाही, तर त्यातला कार्बन अर्धवट राहून काजळी होतो. १ किलो पेलेट नीट जळायला सुमारे ६ ते ७ घनमीटर हवा लागते. तुमचा बॉयलर पूर्ण भारावर तासाला साडेतीन किलो पेलेट खातो, म्हणजे त्याला तासाला सुमारे २५ घनमीटर हवा हवी. ती तोडली की काजळी वाढते, काजळी पाण्याभोवतीच्या नळ्यांवर बसते, उष्णता पाण्यात न जाता धुराड्यात जाते आणि धूर आणखी गरम होतो. तुमचे २१० अंश तिथून आलेत. या ७० अंशांच्या फरकानं ४ ते ५ टक्के इंधन वाया जातं; वर्षाला ५ टन पेलेट लागत असतील तर २०० किलोहून जास्त.

आता काजळीकडे बघू. पुसण्याआधी टॉर्च घेऊन फोटो काढा, कारण कुठे काय साठलंय त्यावरून बरंच कळतं. निरोगी बॉयलरमध्ये भुरकट, फिकट राखाडी किंवा तपकिरी राख असते, बोटानं सहज उडते. मखमलीसारखी मऊ, कोरडी, काळी काजळी म्हणजे हवेची कमतरता किंवा पेलेट जिच्यात जळतात त्या वाटीत गरजेपेक्षा जास्त पेलेट. डांबरासारखी चकचकीत, नखानं न निघणारी काळी साय म्हणजे बॉयलर किंवा धुराडं थंड राहतंय. वाटीत काचेसारखे खडे दिसले तर राख वितळते आहे. बहुतेक वेळा पेलेटमध्ये साल किंवा माती असते. तुम्ही वर्णन केलीय ती पहिल्या जातीची काळी, पण धुराच्या पाइपाशी ती चिकट होते असंही लिहिलंय. म्हणजे मुख्य दुखणं हवेचं, आणि त्याला थोडी जोड थंडपणाची.

हवा येते कुठून, इथून सुरुवात करा. तुमच्या बॉयलरच्या खोलीला बाहेरची हवा आत घेणारं भोक असायला हवं, साधारण १५० चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे मोठ्या तळहाताएवढं. २०२१ मध्ये भिंतींवर इन्सुलेशनचे जाड थर चढले. अशा कामात हे भोक झाकलं जाणं मी अनेकदा पाहिलंय. बाहेरून जाळी दिसते, आत मात्र फोम भरलेला असतो. हात लावून बघा, वारा लागतो का. पूर्वी जुन्या खिडक्यांच्या फटींतून घर श्वास घ्यायचं, तेव्हा भोक बंद असलं तरी चालून जायचं. आता नव्या खिडक्या घट्ट आहेत, ती पळवाट राहिली नाही.

दुसरा संशय शेजारच्या धुण्याच्या खोलीवर. तुमचा कपडे वाळवायचा ड्रायर नळीनं हवा बाहेर टाकणारा असेल, तर तो तासाला १०० ते २०० घनमीटर हवा घराबाहेर ढकलतो. स्वयंपाकघरातली चिमणी तर त्याहून कितीतरी जास्त. २५ घनमीटरसाठी धडपडणाऱ्या बॉयलरचा त्यांच्यापुढे निभाव लागत नाही. धुराड्यातून वर जाणारा धूर उलटा खोलीत ओढला जातो. तपासायला सोपं आहे. बॉयलर चांगला तापलेला असताना ड्रायर आणि चिमणी दोन्ही चालू करा, ज्योत बघा. मग तळघराची खिडकी सताड उघडा आणि दहा मिनिटांनी पुन्हा बघा. लालसर, सुस्त, टोकाला धूर सोडणारी ज्योत पिवळी, उजळ आणि चपळ झाली, तर कारण हाती लागलं. तसं झालं तर भोक मोकळं करणं हा दोनशे युरोंच्या आतला उपाय आहे. ते होईपर्यंत बॉयलर चालू असताना ड्रायर लावू नका.

आता ज्या गोष्टीत मी स्वतः एकदा चुकलो, ती सविस्तर सांगतो, कारण तिच्यामुळे एका घराचे पैसे वाया गेले आणि मला ते अजून लागतं. ब्रेगेन्झच्या बाजूचं जुनं शेतघर. लक्षणं तुमच्यासारखीच. बॉयलरच्या पडद्यावर धुरातला ऑक्सिजन १४ टक्के दिसत होता. चांगल्या पेलेट बॉयलरमध्ये तो ८ ते १० टक्क्यांच्या आसपास असतो. मी म्हटलं, हा ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर गेला, नवा बसवला. दोन आठवड्यांनी पुन्हा फोन, काजळी तशीच. दुसऱ्या खेपेला शांतपणे बसलो तेव्हा उमगलं की सेन्सर खरं तेच सांगत होता. राखेच्या दाराची फट बंद करणारी दोरीसारखी गॅस्केट एका कोपऱ्यात दबून कडक झाली होती आणि तिथून हवा आत जात होती. ही हवा ज्योतीपर्यंत पोचतच नाही, बाजूनं निघून सरळ सेन्सरपाशी जाते. सेन्सर सांगतो, हवा खूप आहे. कंट्रोलर त्यावर विश्वास ठेवून पंखा हळू करतो किंवा पेलेट वाढवतो. ज्योत उपाशी राहते आणि पडद्यावर मात्र हवा भरपूर दिसते. म्हणून ऑक्सिजनचा आकडा जास्त आणि काजळीही जास्त, असं एकत्र दिसलं की सेन्सरची ऑर्डर देण्याआधी गळती शोधा.

गळती शोधायला आपल्या घरातली उदबत्ती पुरते. बॉयलरच्या आत चालू असताना बाहेरपेक्षा किंचित कमी दाब असतो. उदबत्तीचा धूर दाराच्या कडेनं, राखेच्या कप्प्याभोवती, सफाईच्या झाकणांजवळ आणि पाइपाच्या सांध्यांवरून हळूहळू फिरवा. धूर कुठे आत ओढला गेला की तिथे गळती आहे. दुसरी चाचणी बॉयलर गार असताना: कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करा आणि ओढा. चारही बाजूंना पट्टी घट्ट अडकली पाहिजे. एखाद्या ठिकाणी सहज सुटली तर गॅस्केट बदला. पेटताना धूर बाहेर येण्याचं कारणही बहुधा अशाच ठिकाणी सापडतं, कारण पेटवणीच्या क्षणी आतला दाब थोडा वेळ वर जातो.

यानंतर धुराचा मार्ग. आमच्या कराडच्या घरी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत काजळी साठली की पाणी तापायला दुप्पट वेळ लागायचा आणि न्हाणीघर धुरानं भरायचं. आजी कुणाला वरून आणखी लाकडं कोंबू द्यायची नाही. आधी नळी खरवडायची, मग खालची राख ओढायची, मगच काडी लावायची. तुमच्या तळघरातल्या यंत्रात मोटर आहे, संगणक आहे, पण अंगात तो बंबच आहे.

बॉयलर बंद करून पूर्ण गार होऊ द्या, किमान एक दिवस. निखारा राखेखाली चोवीस तासांहून जास्त जिवंत राहतो, म्हणून घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर कधीही वापरू नका. राखेसाठी मिळणारा धातूच्या टाकीचा वापरा. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत घाला आणि बादली बाहेर फरशीवर ठेवा, लाकडी जिन्याखाली नको. तोंडाला एफएफपी२ मास्क आणि हातात मोजे हवेत.

पहिली बघायची ती जळणाची वाटी. तिच्या तळाची आणि कडेची भोकं एकेक करून तारेनं मोकळी करा. अर्धी भोकं बुजली की निम्मी हवा गेली. मग नळ्या. तुमच्या बॉयलरमध्ये नळ्यांतल्या पिळाच्या पट्ट्या हलवणारा खटका असेल, हाताचा किंवा मोटरचा. तो हलतो का, की काजळीत रुतलाय? रुतलेल्या पट्ट्यांवर जोर देऊ नका, तंत्रज्ञाकडून सोडवून घ्या. मग धूर ओढणारा पंखा. त्याची पाती काढून बघितल्याशिवाय कळत नाहीत. पडद्यावर फेरे बरोबर दिसतात, पण पात्यांवर बोटभर थर असेल तर तेवढ्याच फेऱ्यांत हवा कमी सरकते. मऊ ब्रशनं साफ करा, पाती वाकवू नका, नाहीतर पंखा थरथरतो आणि बेअरिंग जातं.

आणि आता सगळ्यांत दुर्लक्षित जागा: बॉयलर आणि धुराडं यांना जोडणारा आडवा पाइप आणि त्याचा एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा. उडती राख जिथे धुराचा वेग कमी होतो तिथे खाली बसते, म्हणजे नेमकी इथेच. बॉयलर साफ करणारा हात इथपर्यंत पोचत नाही, आणि धुराडं साफ करणाऱ्याचं काम वरून सुरू होतं. मधला दीड मीटर कुणाचाच नसतो. एका घरात मी अशा पाइपातून दीड बादली राख काढली आहे, आणि त्यानंतर कुठलीच सेटिंग बदलावी लागली नाही. तुमच्या एल्बोवर सफाईचं झाकण असेल, ते उघडा. झाकण नसेल तर बसवून घ्या. पाइप बॉयलरकडून धुराड्याकडे थोडा चढता असावा आणि त्यावर इन्सुलेशन असावं. इन्सुलेशन नसलेल्या पाइपात धूर थंड होतो.

तुमच्या चिकट काजळीचं मूळ इथे थोडं आहे आणि थोडं पाण्यात आहे. १ किलो पेलेट जळताना अर्धा लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन निघतं. ही वाफ ४५ ते ५० अंशांच्या खाली गेलेल्या पृष्ठभागावर दव होऊन बसते आणि काजळीशी मिसळून चिकट लेप तयार होतो. म्हणून रेडिएटरांकडून बॉयलरमध्ये परत येणारं पाणी ५५ अंशांहून कमी असता कामा नये. त्यासाठी मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो अडकलेला असेल तर परतीच्या पाइपावरचा काटा सांगेल. चकचकीत डांबरी थर धुराड्यात वरपर्यंत गेला असेल, तर तो स्वतः जाळून टाकायचा प्रयत्न अजिबात करू नका. ते काम शोर्नश्टाइनफेगरचं. धुराड्यात आग लागलीच तर पाणी ओतायचं नाही. १ लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते आणि धुराडं फुटतं. अग्निशमन दलाला बोलवा.

इंधनाबद्दल थोडक्यात, कारण दोष बहुतेक वेळा पेलेटवर ढकलला जातो आणि खरा तिथे क्वचित असतो. ईएनप्लस ए१ दर्जाच्या पेलेटमध्ये ओलावा १० टक्क्यांपर्यंत आणि राख ०.७ टक्क्यापर्यंतच चालते. तुमचं पेलेटचं कोठार जवळजवळ रिकामं असेल तर तळाला भुकटी जमते. ती वाटीत आली की एकदम भडकते, हवा कमी पडते, काजळी होते. खात्री करायची तर ए१ च्या १५ किलोच्या दोन पिशव्या आणा, बॉयलरच्या शेजारच्या छोट्या टाकीत हातानं भरा आणि अर्धा दिवस चालवा. काही फरक पडला नाही तर पेलेट निर्दोष आहेत. कोठारात मात्र असंच शिरू नका. साठवलेले पेलेटही कार्बन मोनॉक्साइड सोडतात. जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये लोक कोठारात शिरून दगावले आहेत. दार उघडून नीट हवा खेळू द्या, बॉयलर बंद ठेवा, बाहेर दुसरं माणूस उभं राहिल्याशिवाय पाऊल आत नको.

या सगळ्यानंतरही थोडी काजळी उरली, तर तिचं कारण २०२१ चं इन्सुलेशन असेल. घराला पूर्वी कडाक्याच्या थंडीत १५ किलोवॅट लागत असतील, आता ७ पुरत असतील. बॉयलर साधारण ३० टक्क्यांपर्यंत, म्हणजे साडेचार किलोवॅटपर्यंत खाली येतो. त्याहून कमी लागलं की विझतो आणि थोड्या वेळानं पुन्हा पेटतो. पेटताना आणि विझताना ज्योत थंड असते आणि सगळ्यांत जास्त धूर याच वेळी होतो. बर्फावरचे काळे ठिपके मला या पेटवणीचेच वाटतात. सर्व्हिस मेनूमध्ये एकूण चालू तास आणि एकूण पेटवण्या असे दोन आकडे सापडतील. तासांना पेटवण्यांनी भागा. उत्तर एकापेक्षा कमी आलं तर बॉयलर फार वेळा पेटतोय. अंघोळीचं पाणी दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी तापवा. बफर टाकी, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी साठवणारी टाकी, असेल तर ती वरपासून खालपर्यंत तापू द्या आणि पुरती उतरल्यावरच पुन्हा पेटू द्या. टाकी नसेल तर ५०० ते ८०० लिटरची बसवण्याचा खर्च करा. तुमच्या घरात पैसे घालायचेच झाले तर मी ते इथे घालीन, नव्या बॉयलरमध्ये नाही.

हवा आणि पेलेट यांचं प्रमाण बदलणारी सेटिंग शेवटी, आणि तीही धुरातले वायू मोजणारं विश्लेषक यंत्र धुराड्याला लावलेलं असताना तंत्रज्ञानं बदलावी. राख भरलेल्या, गळक्या बॉयलरवर सेटिंग बदलली तर ती त्या घाणीला अनुसरून बसते. पुढच्या सफाईनंतर सगळं पुन्हा बिघडतं. तंत्रज्ञ आला की त्याच्याकडून चार आकडे कागदावर घ्या: ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, धुराचं तापमान आणि धुराड्याची ओढ पास्कलमध्ये (दाब मोजायचं एकक). ओढ किती हवी ते बॉयलरच्या पुस्तिकेत असतं. फार जास्त ओढ असली तर जळती भुकटीसुद्धा वर खेचली जाते, तेव्हा धुराड्यावरची ओढ नियंत्रित करणारी झडप मोकळी हलते का तेही बघायला सांगा.

फेरमोजणीची तारीख कळली की सफाई तीन-चार दिवस आधी उरका. त्याच सकाळी केली तर ब्रशनं सैल झालेली राख उडत राहते आणि धुळीचा आकडा चढतो. त्याची मर्यादा घनमीटरला फक्त ०.०२ ग्रॅम आहे. मोजणीच्या दिवशी ड्रायर बंद ठेवा, वरचे सगळे रेडिएटर पूर्ण उघडा आणि कारागीर यायच्या तासभर आधी बॉयलर पूर्ण भारावर आणून ठेवा.